आरव्ही हिवाळ्यासाठी बंद करून ठेवताना: उत्तर अमेरिकेतील नवख्या मालकांसाठी मार्गदर्शन

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ किंवा मॅनिटोबा अशा थंड प्रदेशात राहून ज्यांनी पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर किंवा मोटरहोम घेतले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी मिनेसोटात राहतो आणि आमचा ट्रेलर दर वर्षी स्वतःच हिवाळ्यासाठी बंद करतो. हे काम अवघड नाही, परंतु त्यातील पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे आणि कंपनीच्या पुस्तिकेत तो बहुधा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो. गीझरची माहिती एका पुस्तिकेत, पंपाची दुसऱ्या, फ्रिजची तिसऱ्या, आणि या सर्वांना जोडणारा धागा कुठेच नाही, अशी नवख्या मालकाची स्थिती होते.

सर्वप्रथम नुकसान कसे होते ते समजून घ्यावे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. आरव्हीतील प्लॅस्टिकचे लवचीक पाइप हा ताण काही प्रमाणात सोसतात. फुटतात ते कडक भाग, म्हणजे पाइपांचे जोड, नळांच्या आतील भाग, पंपाचे डोके, फिल्टरचे भांडे आणि शौचालयाचा पाण्याचा व्हॉल्व्ह. तडा जानेवारीत जातो, पण आत बर्फ असल्यामुळे गळती दिसत नाही. ती एप्रिल-मे महिन्यांत पाणी सुरू केल्यावर भिंतीच्या किंवा जमिनीच्या आत होते, आणि लाकूड भिजून फुगेपर्यंत कळतही नाही. म्हणून या सगळ्या कामात एक गोष्ट मुख्य मानावी: आधी पाणी काढायचे आणि मगच अँटीफ्रीझ, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारे द्रव्य घालायचे. अनेक जण अँटीफ्रीझ ओतले म्हणजे झाले असे समजतात, आणि बहुतेक नुकसान त्याच समजुतीतून होते.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

• प्रॉपिलीन ग्लायकॉलचे आरव्ही अँटीफ्रीझ, साधारण २ ते ३ गॅलन
• पंपाला जोडायची आखूड शोषण नळी. काही गाड्यांत ती आधीच बसवलेली असते
• दाब नियंत्रित करता येणारा हवेचा कॉम्प्रेसर आणि शहरी पाण्याच्या जोडणीत (बाहेरच्या पाण्याची नळी गाडीला लावतो त्या तोंडात) बसणारे हवेचे अडॅप्टर
• गीझरची बूच उघडण्यासाठी योग्य मापाचा सॉकेट पाना
• मैलापाण्याची नळी, रबरी हातमोजे, बादली, टॉर्च, मल्टिमीटर
• तांब्याची जाळी, फोम, छतासाठी योग्य सीलंट
• वाहनाची नोंदणी, विमा पॉलिसी, साठवणुकीच्या जागेचा करार, उपकरणांच्या पुस्तिका आणि पाण्याच्या पाइपांचा आराखडा

आराखडा उपलब्ध नसेल तर पहिल्याच वर्षी स्वतः हाताने काढून ठेवावा. पंप कुठे आहे, गीझर वगळून पाणी वळवणारे बायपासचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, तळाच्या निचऱ्याच्या तोट्या कोणत्या बाजूला आहेत, हे एकदा कागदावर आले की पुढच्या वर्षीचे अर्धे काम वाचते.

१. वेळ ठरवणे

दसऱ्याला वाहन धुऊन, झेंडूचा हार घालून त्याची पूजा करण्याची रीत इथेही अनेक मराठी घरांत पाळली जाते, आणि त्याच सुट्टीत आरव्हीचा हंगाम आवरता घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दसरा तिथीने येतो. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता, तर २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. उत्तर मिनेसोटात २४ ऑक्टोबरपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. तेव्हा पंचांगापेक्षा हवामानाचा अंदाज पाहावा आणि रात्रीचे तापमान सलग काही तास ३२ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्य अंश सेल्सिअसच्या खाली राहण्याची चिन्हे दिसू लागण्यापूर्वीच काम उरकावे. एखाद्या रात्री तासाभरापुरता पारा किंचित खाली गेला तर भिंतीच्या आतले पाइप लगेच फुटत नाहीत. परंतु बाहेरचा शॉवर आणि गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या उघड्या नळ्या सर्वांत आधी गोठतात.

लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. उत्तरेकडील अनेक कॅम्पग्राउंड ऑक्टोबरमध्ये पाणीपुरवठा बंद करतात, आणि मैल्याच्या टाक्या नीट धुण्यासाठी आपल्याला वाहते पाणी लागते.

२. मैल्याच्या टाक्या रिकाम्या करणे

शौचालयाची, म्हणजे ब्लॅक टाकी आधी आणि सांडपाण्याची, म्हणजे ग्रे टाकी नंतर सोडावी. असे केल्याने साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम अधिकृत डंप स्टेशनवरच करावे. ब्लॅक टाकीत आतून धुण्याची फवारणी व्यवस्था असेल तर बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ती चालवावी, कारण तळाशी राहिलेला गाळ हिवाळ्यात सुकून घट्ट होतो आणि पुढे टाकीतील पातळी दाखवणारे सेन्सर चुकीची माहिती देऊ लागतात. शेवटी पिण्याच्या पाण्याची टाकीही तिच्या तोटीतून पूर्ण सोडून द्यावी.

३. गीझर: थंड करा, दाब काढा, मग बूच उघडा

या पायरीत घाई केल्यास इजा होऊ शकते. गीझरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करावे आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे; शक्य असेल तर आदल्या रात्रीच बंद करावे. त्यानंतर बाहेरून येणारे पाणी आणि पंप बंद करून आतील गरम पाण्याचा एक नळ उघडावा, म्हणजे दाब उतरेल. मग गीझरच्या वरच्या भागातील सुरक्षा व्हॉल्व्हची कळ उचलून उरलेला दाब काढावा, आणि त्यानंतरच खालची बूच पान्याने सोडवावी. दाबाखालील गरम पाणी असताना बूच उघडल्यास ते थेट अंगावर उडते व गंभीर भाजते.

काही गीझरांच्या टाक्या पोलादी असतात आणि त्यांच्या बुचेलाच एक लांब धातूची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड, जोडलेली असते. टाकी गंजू नये म्हणून ती कांडी स्वतः झिजते. तिचा बहुतांश भाग खाऊन गेला असेल तर नवी घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीच्या गीझरात साधी प्लॅस्टिकची बूच असते आणि तिथे अशी कांडी बसवायची नसते. टाकीविरहित, वाहता वाहता पाणी तापवणारा गीझर असेल तर त्याची निचऱ्याची पद्धत वेगळी असते, आणि तिथे त्या उपकरणाच्या पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

गीझर रिकामा झाल्यावर त्याचे बायपास व्हॉल्व्ह फिरवून घ्यावेत. गाडीनुसार ते एक, दोन किंवा तीन असतात. बायपास न करता पुढे गेलात तर ६ किंवा १० गॅलनचा गीझर भरण्यातच सगळे अँटीफ्रीझ संपेल. आणि एक काम आत्ताच करावे: गीझरच्या विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर 'टाकी रिकामी' असे ठळक लिहावे. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर चालू झाला तर तो थोड्याच वेळात जळतो, आणि वसंतात घरातील दुसरे कोणी उत्साहाने सगळी बटणे चालू करते तेव्हा हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

४. पाइपांतील पाणी काढणे

गाडीच्या तळाशी निचऱ्याच्या दोन तोट्या असतात, एक गरम पाण्याची आणि एक थंड पाण्याची. त्या उघडाव्यात आणि हवा आत यावी म्हणून गाडीतील सर्व नळही उघडावेत. पाणी फिल्टर असेल तर काडतूस काढून टाकावे, भांडे रिकामे करावे आणि फिल्टर बायपास करावा. जुने काडतूस ठेवण्यात अर्थ नाही.

निचरा थांबला तरी पाइपांच्या वाकांमध्ये पाणी राहतेच, आणि ते हवेने ढकलून काढावे लागते. गीझरची बूच परत लावून, तळाच्या तोट्या बंद करून, कॉम्प्रेसर शहरी पाण्याच्या जोडणीला लावावा. दाब ४० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास ठेवावा आणि ५० च्या वर कधीही जाऊ देऊ नये; टायर भरायच्या सवयीने १०० वर ठेवलेला कॉम्प्रेसर जोड उखडून टाकू शकतो. एका वेळी एकच नळ उघडावा, गरम बाजू वेगळी आणि थंड बाजू वेगळी, आणि नुसती हवा येईपर्यंत थांबावे. शौचालयाचे पॅडल आणि बाहेरचा शॉवरही यात आले.

काही जण इथेच थांबतात. दक्षिणेकडील सौम्य थंडीत ते पुरेसे ठरू शकते, पण जिथे पारा शून्य फॅरनहाइटखाली जातो तिथे माझ्या मते हवा आणि अँटीफ्रीझ दोन्ही वापरावे, कारण पंपात आणि व्हॉल्व्हच्या पोकळ्यांत हवेने न निघालेले थोडे पाणी राहतेच.

५. गुलाबी अँटीफ्रीझ फिरवणे

दुकानात दोन अगदी वेगळी द्रव्ये एकाच नावाने मिळतात. इंजिनाच्या शीतकात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते, ते विषारी आहे आणि गोडसर चवीमुळे लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यासाठी विशेष धोकादायक ठरते. ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत कधीही घालू नये. आपल्याला हवे ते आरव्हीसाठीचे, बहुधा गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारित द्रव्य. गुलाबी द्रव्यांतही काही स्वस्त प्रकार अल्कोहोलवर आधारित असतात. ते ज्वलनशील असतात आणि रबरी सील कोरडे पाडतात. रंग पाहून न घेता मागचे लेबल वाचून घ्यावे.

लेबलवर ठळक अक्षरांत −५० असा आकडा असतो, आणि त्यावरून नवखे मालक हमखास फसतात. उणे ५० अंश फॅरनहाइटपर्यंत द्रव पातळ राहील असा त्याचा अर्थ नाही. तिथपर्यंत पाइप फुटण्यापासून संरक्षण मिळेल, एवढाच आहे. त्यापेक्षा पुष्कळ वरच्या तापमानालाच त्याचा बर्फाळ लगदा होऊ लागतो, पण तो लगदा पाण्यासारखा कडक होऊन फुगत नाही. हे संरक्षण मूळ तीव्रतेच्या द्रवाचे असते. पाइपांत पाणी शिल्लक असेल तर अँटीफ्रीझ पातळ होते आणि लेबलवरील आकड्याला काही अर्थ उरत नाही. चौथी पायरी नीट करण्याचा आग्रह याचसाठी आहे. उणे ३० किंवा उणे ४० अंशांचा अनुभव असलेल्या भागात −१०० दर्जाचे द्रव्य मिळते, ते घेणे शहाणपणाचे.

आता शोषण नळीचे एक टोक पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला जोडून दुसरे अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवावे आणि पंप सुरू करावा. पंपाला सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक नळ उघडत जावे आणि स्वच्छ गडद गुलाबी रंग येईपर्यंत चालू ठेवावा. फिकट गुलाबी येत असेल तर त्यात अजून पाणी आहे. कॅन संपत आला की पंप बंद करून दुसरा लावावा, कारण पंप कोरडा चालू ठेवणे चांगले नाही. शेवटी सिंक आणि शॉवरच्या प्रत्येक मोरीत सुमारे एक कप अँटीफ्रीझ ओतावे, म्हणजे खालच्या वाकातील पाणी गोठणार नाही. शौचालयाच्या भांड्यातूनही थोडे खाली सोडावे. त्यामुळे ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह आणि सील ओलसर राहतात.

६. हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा

आपल्या घरांतील आरव्हीत शौचालयाशेजारी हाताने धरायचा पाण्याचा फवारा बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो. तो कंपनीच्या पुस्तिकेत नसतो, त्यामुळे तपासणीच्या कोणत्याही तयार यादीत येत नाही, आणि त्याचा छोटा टी-व्हॉल्व्ह आणि नळी पाण्याने भरलेली राहतात. पंप चालू असतानाच फवाऱ्याचा खटका दाबून त्यातून गुलाबी द्रव येऊ द्यावा, किंवा तो सोडवून घरी न्यावा. मी सोडवून नेतो.

बाहेरच्या शॉवरच्या गरम आणि थंड अशा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवाव्या लागतात. ब्लॅक टाकी धुण्याची जोडणी पाण्याच्या मुख्य व्यवस्थेपासून पूर्ण वेगळी असते, त्यामुळे पंपाने फिरवलेले अँटीफ्रीझ तिथे पोहोचतच नाही. ती वाट टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवेनेच मोकळी करावी. शहरी पाण्याच्या जोडणीत आतल्या बाजूला एकेरी झडप असते. पंप बंद करून, नळ उघडून दाब बहुतेक उतरवावा, जोडणीवरची बारीक जाळी काढावी आणि थोडा दाब शिल्लक असतानाच झडपेचे मध्यटोक हलके दाबून गुलाबी थेंब दिसू द्यावेत. चेहरा बाजूला ठेवावा. बर्फ बनवणारा फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र किंवा भांडी धुण्याचे यंत्र असेल तर प्रत्येकाची स्वतंत्र पद्धत त्याच्या पुस्तिकेत पाहावी.

७. बॅटरी

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते आणि तिचे कवच फुटते. म्हणून ती पूर्ण चार्ज करून, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह तार सोडून, घरी न्यावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी व्होल्टेज पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. मुख्य स्विच बंद केला म्हणून बॅटरी गाडीतच ठेवणे पुरेसे नाही, कारण काही गाड्यांत गॅस गळतीचा सेन्सर आणि रेडिओची स्मृती त्या स्विचला न जुमानता वीज ओढत राहतात. काँक्रीटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज जुन्या काळच्या कवचांचा आहे; आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाला त्याने काही होत नाही.

लिथियम बॅटरीचे नियम उलट आहेत. ती निम्मी ते पाऊण भरलेली ठेवावी, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली ती कधीही चार्ज करू नये.

८. गॅस

प्रोपेनच्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद करावेत आणि रेग्युलेटरवर झाकण घालावे. थंडीने सिलिंडरला काही होत नाही. ते सोडवले तर उभे आणि उघड्यावर ठेवावेत. गॅरेज, तळघर किंवा घरात कधीही नाही.

९. स्वयंपाकघर आणि उंदीर

पाण्याखालोखाल सर्वाधिक नुकसान उंदीर करतात, आणि त्यांना बोलावणाऱ्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरात भरपूर असतात. पोहे, रवा, शेंगदाणे, डाळी, चिवडा, लाडू, मसाल्यांचे डबे, सगळे घरी न्यावे. झाकण घट्ट आहे म्हणून प्लॅस्टिकचा डबा मागे ठेवू नये. लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणि पाण्याच्या बाटल्याही आत राहू देऊ नयेत. फ्रिज आणि फ्रीझर वितळवून, पुसून, कोरडे करून त्यांची दारे किंचित उघडी अडकवून ठेवावीत, अन्यथा आत बुरशी धरते. साबण, टिश्यू पेपर, गाद्यांवरच्या चादरी यांचाही उंदीर घरट्यासाठी उपयोग करतात.

त्यानंतर फटी बुजवाव्यात. लहान उंदराला सुमारे पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरची फट पुरते. रात्री गाडीच्या आतील दिवे लावून बाहेरून खाली वाकून पाहिले, तर पाइप आणि विजेच्या तारा जिथून आत जातात तिथे उजेडाच्या रेषा दिसतात. तिथे तांब्याची जाळी दाबून वरून फोम मारावा. नुसता फोम उंदीर कुरतडतात, आणि पोलादी काथ्या गंजून डाग पाडतो. सुगंधी कागद किंवा कापराच्या गोळ्यांवर विसंबून फटी उघड्या ठेवू नयेत. वसंतात लेंड्या आढळल्या तर त्या झाडू नयेत आणि व्हॅक्यूमही लावू नये, कारण इथल्या काही जातींच्या उंदरांपासून हंताव्हायरस पसरतो. हातमोजे घालून, खिडक्या उघडून, ब्लीचच्या पाण्याने त्या नीट भिजवाव्यात आणि मग ओल्या कागदाने उचलाव्यात.

१०. छत, सील आणि झाकण

गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. छताच्या कडा, खिडकीच्या चौकटी आणि छतावरच्या प्रत्येक झरोक्याभोवतीचे सीलंट बोटाने चाचपून पाहावे. भेगेतून आत गेलेले पाणी गोठून भेग रुंदावते आणि प्रत्येक वेळी बर्फ वितळला की आणखी आत शिरते. छत रबराचे असेल तर पेट्रोलियमयुक्त क्लीनर किंवा सीलंट वापरू नये. छताच्या प्रकाराला चालणारेच घ्यावे. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूचे गुंडाळता येणारे कापडी छप्पर, पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये, आणि बाहेर सरकणाऱ्या खोल्या आत घेऊन त्यांच्या सीलवर रबरासाठीचे वंगण फिरवावे.

वरून घालायचे झाकण हवा खेळू देणाऱ्या कापडाचे असावे. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, पण तिच्या आत बाष्प कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ती रंग खरवडते.

११. चाके आणि इंधन

टायरमध्ये उत्पादकाने सांगितलेला पूर्ण दाब भरावा, चाकांखाली फळ्या ठेवाव्यात, दोन्ही बाजूंनी अडसर लावावेत आणि ऊन लागत असेल तर चाके झाकावीत. टायरच्या बाजूवरील क्रमांकातील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ते वाचून वय लिहून ठेवावे. ट्रेलरचा एक कोपरा किंचित उंच ठेवला तर वितळलेले पाणी छतावर साचत नाही.

मोटरहोममध्ये इंधनाची टाकी जवळजवळ भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे इंधन खराब होऊ न देणारे द्रव्य घालावे आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचावे म्हणून इंजिन व जनरेटर दोन्ही काही वेळ चालवावेत. हिवाळ्यात मधूनच पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची पद्धत टाळावी, कारण तेवढ्या वेळात ते तापत नाही आणि आतले बाष्प निघत नाही. बंद शेडमध्ये तर ते कधीही सुरू करू नये.

१२. जागा आणि विमा

अनेक नगरपालिका आणि गृहनिर्माण संघटना हिवाळ्यात घरासमोर आरव्ही उभी करू देत नाहीत, आणि बर्फ काढण्याच्या दिवसांत रस्त्यावर गाडी ठेवल्यास ती उचलून नेली जाऊ शकते. नियम आधी वाचून घ्यावेत. भाड्याची जागा घेताना करारात हिवाळ्यात गाडीपर्यंत जाता येईल का, बर्फ कोण काढणार आणि आत बॅटरी व सिलिंडर ठेवण्यास परवानगी आहे का, हे पाहावे.

साठवणुकीच्या काळात अपघाताचा विमा कमी करून हप्ता वाचवता येतो. मात्र चोरी, आग आणि वादळाचे संरक्षण चालू ठेवावे. गाडीवर कर्ज असेल तर असा बदल करण्यापूर्वी बँकेची अट पाहावी. बऱ्याच पॉलिसींत पाइप गोठून झालेले नुकसान वगळलेले असते किंवा त्यासाठी योग्य देखभालीचा पुरावा मागितला जातो. म्हणून प्रत्येक नळातून गुलाबी द्रव येतानाचे आणि गीझरची उघडी बूच दाखवणारे तारखेसह फोटो काढून, अँटीफ्रीझच्या पावत्यांसह एका फोल्डरमध्ये ठेवावेत.

१३. हिवाळ्यातील फेऱ्या

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या हिमवृष्टीनंतर गाडी पाहून यावी. छतावरील जड बर्फ मऊ ब्रशने खाली ओढावा. फावडे लावू नये, आणि निसरड्या छतावर चढूही नये. आत ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले असतील तर ते मोठ्या टबात ठेवावेत, कारण त्यात जमणारे खारे पाणी सांडले की जमिनीवर डाग पडतात. कपाटांची दारे उघडून आणि गाद्या उचलून हवा फिरू द्यावी, कोपऱ्यांत लेंड्या किंवा कुरतडलेला कागद दिसतो का ते पाहावे, आणि सिंकखाली हात फिरवून ओल जाणवते का ते तपासावे.